बाच्या विहिरीवरचा दगड

त्या पाटीवरचा एकही शब्द चुकीचा नव्हता. मला राग त्याचाच आला.

पाटी सागवानी, अक्षरं पितळी, खाली रात्री पेटणारा दिवा. मावळातल्या औंढ्यात आमच्या वस्तीमागे जी विहीर आहे, तिच्या कठड्याला लागून ती उभी केली होती. वर एकच मोठं अक्षर: बा. त्याखाली लिहिलं होतं की गुजरातीत बा म्हणजे आई. कन्नडमध्ये बा म्हणजे ये. फारसीत बा म्हणजे सह, सोबत. चिनी भाषेत एका सुरात म्हटलं तर बाप आणि दुसऱ्या सुरात म्हटलं तर आठ. प्राचीन इजिप्तमध्ये बा म्हणजे माणसाचा आत्मा, जो मेल्यावर पाखराच्या रूपात उडतो. आणि सगळ्यांत शेवटी, बारीक अक्षरांत: मराठी (ग्रामीण, कालबाह्य), वडील.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझा बाप कंसात बसला होता आणि कालबाह्य झाला होता.

पाटीशेजारी एक काळा दगड उभा होता, माझ्या कमरेएवढा, घडीव. त्याच्यावरही बा कोरलेलं. आणि त्या अक्षरावर ओला, तेलकट, ताजा शेंदूर. पायथ्याशी फुटका नारळ, झेंडूची फुलं, पर्यटकांनी टाकलेली नाणी. माझ्या भाच्याची बायको रेणुका, जिने मला फोन करून लोणावळ्याहून बोलावून घेतलं होतं, ती माझ्यामागे पदर सावरत उभी होती. मी वळून तिच्याकडे पाहिलं तर तिने नजर खाली घातली. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही.

ही विहीर माझ्या बापाने खणली. कोंडाजी त्याचं नाव. रेल्वेच्या गँगमध्ये होता, खंडाळ्याच्या घाटात रूळ सांभाळायचा, आणि दरडीचा खडक कसा फोडायचा हे त्याला तिथे कळलं होतं. त्या काळी गावच्या विहिरीच्या पायऱ्या आम्हाला बंद होत्या. आई आणि मी खाली घागरी मांडून उभ्या राहायचो. वरच्या एखादीला दया आली की ती उंचावरून पाणी ओतायची. निम्मं घागरीत, निम्मं आमच्या अंगावर. छप्पन साली वस्तीने धम्म घेतला, देव्हाऱ्यांतले देव नदीला दिले. बा म्हणाला, देव गेले ते झ्याक झालं, पण तहान काय गेली न्हाई. दुसऱ्या उन्हाळ्यापासून ड्यूटीवरून आला की तो पहार आणि सुतकीचा हातोडा घेऊन वस्तीमागच्या खडकाला भिडू लागला. आधी लोक हसले, मग एकेक गडी येऊन मिळाला. आई आणि बायांनी दगडमाती उपसली. पाणी लागलं त्या दिवशी बा खाली पोटरीभर चिखलात नुसता उभा राहिला होता. वर सगळे वाकून बघत होतो. मग मान वर करून एवढंच म्हणाला, दोर सोडा.

मग त्याने दोन गोष्टी ठरवल्या आणि वस्तीकडून वदवून घेतल्या. पहिली, या विहिरीवर कुणी कुणाच्या भांड्यात पाणी ओतायचं नाही. ज्याने त्याने स्वतः ओढून घ्यायचं. अंगावर ओतलेलं पाणी त्याला पुन्हा बघायचं नव्हतं, दुसऱ्याच्या अंगावरसुद्धा. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर आटली, तेव्हा गावातल्या बाया घागरी घेऊन आमच्या वस्तीमागे येऊन खाली मान घालून उभ्या राहिल्या. मला, खरं सांगते, आनंद झाला होता. मला वाटलं, आता बा यांना उभं करून ठेवील. बा उठला, सगळ्यांत पुढच्या बाईच्या हातात दोर दिला आणि म्हणाला, वढा. बस.

दुसरी गोष्ट दगडाची. काम पुरं झालं तेव्हा गवंडी म्हणाला होता की एक दगड घडवून देतो, त्यावर नाव आणि साल घालू. बा त्याच्यावर केवढा खवळला. त्याचे शब्द मला आजही ऐकू येतात.

"दगूड हुबा केला की कुनीतरी त्याला शेंदूर फासतंय. फासला की तो जेवाया मागतो. आदी नारळ, मग कोंबडं. आताच देवं सोडलीत आपुन. आपली मानसं मला म्हाईत हायती."

म्हणून नाव नाही, साल नाही, दगड नाही. बाने आयुष्यात कधी फोटोही काढू दिला नाही. वारला तेव्हा वंदना झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाया नेहमीसारख्या पाण्याला गेल्या. आम्ही पोरं घरात बा म्हणायचो, मग शेजारची पोरं म्हणू लागली, मग वस्ती. बाच्या हिरीवर चाल्ले, असं जो तो म्हणायचा. तोंडातला शब्द होता, त्याला दगडाची गरज नव्हती. निदान मी तसं समजत होते.

मी पुढे शिकले आणि लोणावळ्याच्या पोस्टात काउंटरला बसले. तिथे या शब्दाने मला पहिल्याच महिन्यात हसं करून घ्यायला लावलं. एक गुजराती दुकानदार आईला पत्र लिहून घ्यायला आला होता, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं म्हणून. सांगू लागला, पूज्य बा. मी आपलं पुढे सगळं वडिलांना लिहिल्यासारखं लिहून काढलं. वाचून दाखवलं तर तो म्हणाला, बेन, तुम्ही तर माझ्या आईला मिशा काढल्या. रस्त्याच्या कामावर गुलबर्ग्याकडच्या बाया खडी फोडायच्या, त्या पोरांना हाक मारायच्या, बा, बा इल्ली. मला वाटायचं या सगळ्या पोरांचे बाप हरवलेत की काय. आणि एक म्हातारे टांगेवाले चाचा होते, पेन्शनर बायांना टपालाच्या दारात उतरवताना म्हणायचे, बाइज्जत पोहोचवलं. तर पाटीवरच्या बऱ्याच गोष्टी मला पाटीच्या आधीपासून ठाऊक होत्या, आणि प्रत्येकीला एक तोंड होतं. दुकानदाराचं, खडीवालीचं, चाचाचं. पाटीवर ती सगळी तोंडं पुसून फक्त अर्थ ठेवले होते.

वस्तीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, दोन वर्षांपूर्वी रिसॉर्ट झालं. त्याचंही नाव बा. मी तडक तिथे गेले. काचेच्या खोलीत तेजल नावाची मुलगी बसली होती. जाहिरात, पाट्या, पाहुण्यांना सांगायच्या गोष्टी, हे सगळं तिच्याकडे होतं. पुण्याची, वागायला गोड. मला आजी म्हणाली, खुर्ची ओढून दिली, पुदिन्याचं पाणी मागवलं. भांडायला गेलेल्या माणसाला असं पाणी देणं हा एक प्रकारचा अन्यायच असतो.

मी विचारलं, हे नाव कुठून आणलं. ती म्हणाली, इथले लोक बाची विहीर म्हणतात ना, सरांना ते फार आवडलं, एवढासा शब्द आणि जगभर अर्थ, म्हणून रिसॉर्टलाच तेच नाव दिलं. अर्थ शोधायला तिला पंधरवडा लागला होता. इजिप्तचं सांगताना तिचे डोळे खरंच चमकले. तिचं त्या शब्दावर प्रेम होतं, हे मला दिसत होतं, आणि ते बघून माझी कानशिलं आणखीच तापत होती.

"इतक्या लांब इजिप्तला गेलीस," मी म्हटलं. "वस्तीत चौकशी केलीस का, हा बा कोण?"

"केली ना, आजी. सगळे म्हणाले, जुना कोणीतरी माणूस होता. नाव कुणालाच नीट सांगता आलं नाही."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. वस्तीत तेव्हा माझा भाचा धम्मदीप होता. बाचा सख्खा नातू.

शेंदराचं विचारलं तर ती गोंधळली. शेंदूर आम्ही नाही लावला, म्हणाली, आम्ही नुसता दगड उभा केला होता, दिसायला छान म्हणून. शेंदूर तुमच्याकडच्याच कोणीतरी लावला. मग पाहुणे पाया पडू लागले, फोटो काढू लागले, आणि सरांच्या मनात आलं की लोकांची श्रद्धाच आहे तर येत्या पौर्णिमेला भटजी बोलावून स्थापना करावी, वर छोटी घुमटी बांधावी. पौर्णिमा आठवड्यावर होती. मावळात अशा किती घुमट्या मी उभ्या राहताना पाहिल्यात. एकदा स्थापना झाली की जागा देवाची होते. मग तिथे कुणी हात लावायचा, कुणी चप्पल घालून यायचं नाही, कुणी कोणत्या दिवशी पाणी भरायचं नाही, हे देवाच्या नावाने दुसरेच कोणी ठरवतात. बाने खडक फोडला तो नेमका असल्या ठरवणाऱ्यांपासून सुटायला.

तेजलला माझा चेहरा दिसला असावा. ती हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही त्यांची गोष्ट सांगा ना. मी पाटीवर घालते. आपण त्यांनाच, म्हणजे, लोकदैवत करू."

"माझ्या बापाला देव करायचं तर आधी त्याला विचारावं लागेल," मी म्हटलं, "आणि तो नाही म्हणून मेलाय."

मग तिने सरळ सांगितलं की विहीर आणि भोवतालची जागा वस्तीची आहे. रिसॉर्टने नुसती देखभालीला घेतली. वस्तीने दगड काढायचं ठरवलं तर रिसॉर्ट अडवू शकत नाही. पण वस्तीने ठरवायला हवं. एकट्या आजींनी नाही.

धम्मदीप संध्याकाळी नवलाख उंब्र्याच्या कारखान्यातून आला तो मला ओट्यावर बसलेली पाहूनच समजला. विहार कमिटीचा अध्यक्ष आहे तो. दर वर्षी बावीस प्रतिज्ञा माइकवर म्हणतो, आवाजही चांगला आहे. कठडा बांधून मिळाला, दिवे मिळाले, पंप मिळाला, म्हणून त्याने दगडाला हो म्हटलं होतं. मी त्याला विचारलं की आजाचं नाव त्या मुलीला का सांगता आलं नाही. तो म्हणाला, त्या दिवशी पाळीवर होतो. मी म्हटलं, वस्तीत बाकी कुणी नव्हतं का. तो म्हणाला, आत्या, बाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, फोटो नाही, पाटी नाही, पोरांना काय स्वप्न पडणार आहे का. आणि मग, मी ऐकत नाही असं बघून, म्हणाला, तू चिडायचीच पेन्शन घेतीस वाटतं.

मी त्याला खूप बोलले. सगळं इथे लिहीत नाही. पण त्याच रात्री कमिटी बसली आणि दगड काढायचं एकमताने ठरलं. मावळात एकमताला वेळ लागत नाही, हात लावायला लागतो.

रविवारी सकाळी विहिरीवर निम्मी वस्ती जमली. रिसॉर्टकडून तेजल एकटी आली आणि जरा लांब उभी राहिली. धम्मदीपने पहार आणली होती. तो दगडापर्यंत गेला, पहार टेकवली आणि मोबाईल बघू लागला. मग म्हणाला, खाली सिमेंट असेल, मशीन बोलवावं का. दुसरा म्हणाला, आज वार बरा नाही. तिसरा म्हणाला, त्याच्या घरी बाळंतीण आहे. हे सगळे बावीस प्रतिज्ञा घेतलेले गडी. शेंदराकडे असे बघत होते जसं काही विजेची तार उघडी पडलीय.

मी पहार त्याच्या हातातून ओढून घेतली. माझं वय अठ्ठ्याहत्तर. पहार उचलली, दगडाच्या बुडाशी मारली, मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली आणि दगडाचा कपचाही उडाला नाही. पुन्हा मारली. कुणी हसलं नाही आणि कुणी पुढेही आलं नाही. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. त्यांचा, त्या मुलीचा, आणि बाचाही. आपली माणसं तुला माहीत होती ना, मग नाव का ठेवलं नाहीस. मोकळी जागा सोडलीस, म्हणून कुणी आई आणून बसवली, कुणी इजिप्तचं पाखरू. एक ओळ, फक्त एक ओळ लिहू दिली असतीस त्या गवंड्याला.

"हानू नको," मागून आवाज आला. "म्या लावलाय. म्याच काडते."

बाया नावाची म्हातारी होती. वरच्या डोंगरवाडीतली, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, रिसॉर्टच्या बागेत झाडलोट करते. ती येऊन दगडापुढे उकिडवी बसली. मी तिला विचारलं, तू? तुला कुणी सांगितलं होतं? माझा आवाज चढलेला होता, पण तिने तो मनावर घेतला नाही.

"सांगायला कशाला पायजे, रतन. भात्तरच्या दुस्काळात आमची वाडी खाली आलती पान्याला. गावात कुनी हुबं करीना. तुज्या बानं माज्या हातात दोर दिला. म्हनला, वढ. तवा पोटात होतं माज्या, थोरलं. आमच्या वाडीत आठवन अशीच ठिवत्यात, दगडाला शेंदूर लावून. दुसरी मला येत न्हाई."

राग गेला नव्हता, पण टाकायला जागा सापडेना.

बायाने कमरेचा विळा काढला आणि शेंदराचं पुट खरवडायला लागली. थरावर थर होते. एकेक पापुद्रा पळसाच्या पानावर ठेवत होती, इंद्रायणीला सोडायचा म्हणून. अक्षर मोकळं झालं तसं लोक थोडे जवळ सरकले. तेवढ्यात रेणुका पुढे आली, पदर खोचला आणि माझ्या हातातली पहार घेतली.

"आत्या, मीपन हात जोडलेत हितं," ती म्हणाली. आवाज लहान होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "देव म्हनून न्हाई. या घरात येऊन मला तीस वर्षं झाली, नुसतं बा, बा ऐकते. कसा होता, कुनी सांगितलंच न्हाई. म्हनलं, चला, निदान नाव तरी दिसतंय."

तीस वर्षं मी सणासुदीला त्या घरी जेवून आले आहे. बा कसा हसायचा, हे एकदाही तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही म्हणा. मी म्हटलं, पहार तिरपी धर, सरळ मारलीस तर खडक परत मारतो. हे मला बाने सांगितलं होतं. तिने तिरपी धरली.

सिमेंट निघालं. एकदा दगड हलला की गड्यांना एकदम जोर आला, धम्मदीपने तर शर्टच काढला. दगड आडवा झाला. तेजल पुढे येऊन म्हणाली की पाटीचं काय करायचं, सर विचारतील. मी म्हटलं, पाटी तुझ्या रिसॉर्टात लाव, तिथे ती बरोबर आहे, आणि कंसातला तो कालबाह्य शब्द तेवढा काढ. ती म्हणाली, काढते. मग विचारलं, त्यांचं पूर्ण नाव काय होतं. मी सांगितलं. तिने लिहून घेतलं नाही, तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं.

आता तो दगड कुठे न्यायचा, यावर गडी पुन्हा भांडायला लागले. कुणी म्हणे नदीत टाका, कुणी म्हणे विहाराच्या पायरीला बसवा. रेणुका कठड्यापलीकडच्या उताराकडे बघत होती, जिथे सांडपाणी शेतात जातं.

"तितं धुनं धुवायचा दगूड फुटलाय," ती म्हणाली. "हा बसंल."

धम्मदीप चपापला. एकदोघे पुटपुटले. बाया पानं गोळा करता करता खुदकन हसली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणते म्हणून. मी दगडाच्या एका टोकाला जाऊन हात घातला. मला त्यांनी उचलू दिलं नाही, तरी हात मी काढला नाही.

उतारावर खड्डा थोडा खोलगट केला, खाली कपच्या बसवल्या. दगड ठेवायच्या आधी रेणुकाने विचारलं, "आत्या, अक्षर खाली घालू का वर?"

"वर," मी म्हटलं. "खाचांवर धुणं घासायला धार येते."